संगणकशास्त्राच्या वर्गाला बायोइन्फर्मॅटिक्स शिकवायला घेताना

ऐच्छिक विषयांच्या यादीत बायोइन्फर्मॅटिक्स (जीवशास्त्रातली माहिती संगणकाने तपासण्याचं शास्त्र) असतं, शिकवायला कुणी पुढे येत नाही, आणि एक दिवस वेळापत्रकात त्या विषयापुढे तुमचं नाव लागतं. तुम्ही संगणकशास्त्राचे, जीवशास्त्र शाळेत सुटलं ते सुटलंच. समोर बसणारी मुलंही त्याच वाटेने आलेली. पहिल्यांदाच शिकवताय, हातात एक सत्र आहे आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही, अशा शिक्षकांसाठी हा लेख आहे.

अल्गोरिदमची फार चिंता करू नका. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, ग्राफ, हॅशिंग, स्ट्रिंग मॅचिंग हे मुलांनी आधी केलेलं असतं, निदान परीक्षेपुरतं तरी. गाडी अडते ती दुसरीकडे. प्रोग्रॅम चालला की काम झालं, अशी या मुलांची सवय असते. इथे प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, नीटनेटका आकडाही देतो, आणि तो आकडा जीवशास्त्राच्या दृष्टीने साफ चुकीचा असू शकतो. कंपायलर त्यावर चकार शब्द काढत नाही. म्हणून सगळं सत्र एका सवयीभोवती आखा: आलेलं उत्तर पुन्हा पेशीत नेऊन ठेवायचं आणि विचारायचं, असं खरंच घडू शकतं का?

पायरी १: काय शिकवायचं नाही ते आधी ठरवा

या विषयाचा पसारा अवाढव्य आहे. पाठ्यक्रमात सगळं कोंबलं की मुलांच्या हाती फक्त संक्षेपांची यादी उरते. एका सत्रात पाच गोष्टी नीट होतात: अनुक्रम (डीएनए किंवा प्रथिनातल्या अक्षरांची रांग) वाचणं आणि जनुकं शोधणं, दोन अनुक्रमांची जुळणी, मोठ्या डेटाबेसमधला शोध, तुकड्यांतून जीनोम (एका जीवाचा सगळा जनुकीय मजकूर) जोडणं, आणि संदर्भ जीनोमशी तुलना करून फरक काढणं. वेळ उरला तर उत्क्रांतीचा वृक्ष घ्या.

मशीन लर्निंग पहिल्या महिन्यात आणू नका. मुलं आग्रह धरतील, कारण अल्फाफोल्ड ही प्रथिनांचा आकार ओळखणारी संगणक प्रणाली सगळ्यांनी ऐकलेली असते. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना प्रथिनांवरच्या अशाच कामासाठी मिळालं. पण एकाच कुळातल्या प्रथिनांची जुळणी हा त्या प्रणालीचा एक मुख्य कच्चा माल आहे. ती जुळणी म्हणजे काय हे कळल्याशिवाय अल्फाफोल्ड शिकवणं म्हणजे फक्त चित्रं दाखवणं. शेवटच्या आठवड्यात एक तास द्या, पुरे.

पायरी २: जीवशास्त्र दोन तासांत, आणि एका जनुकावर

दोन तासांत डीएनए, दोन धागे, दिशा, कोडॉन, जनुक, प्रथिन आणि उत्परिवर्तन एवढंच सांगा. बाकीचं जिथे अडेल तिथे. सुरुवातीलाच पेशीविज्ञानाचं पाल्हाळ लावलंत तर वर्ग झोपतो, आणि लागेल तेव्हा त्यातलं काहीही आठवत नाही.

हे दोन तास एचबीबी या एकाच जनुकावर घालवा असं मी सुचवेन. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं हे जनुक. त्याच्या प्रथिन बनवणाऱ्या भागाची सुरुवात डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांत फळ्यावर लिहा:

एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी एएजी टीसीटी

तीन-तीन अक्षरांचे गट, एकूण ६४ शक्यता, त्यांतले ३ थांबण्याचे इशारे, उरलेले ६१ कोडॉन वीस अमिनो आम्लांसाठी. कोडॉनचा तक्ता मुलांच्या हातात द्या आणि त्यांनाच वाचू द्या: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्यूसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन, सेरिन. आता पहिल्या जीएजीमधला मधला ए पुसून टी करा. जीएजीचा जीटीजी झाला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं. सिकल सेल आजाराच्या मुळाशी हा एका अक्षराचा बदल आहे. आईवडील दोघांकडून बदललेली प्रत आली की तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. इतका वेळ कंटाळलेला वर्ग इथे सरसावून बसतो.

आता खरी गंमत. मुलांना विचारा, हा बदल कितव्या जागी झाला? मोजून ते सात म्हणतील. जुन्या वैद्यकीय साहित्यात मात्र सहा लिहिलेलं सापडतं. दोन्ही बरोबर आहेत. सुरुवातीचं मेथिओनिन तयार प्रथिनातून कापलं जातं, आणि जुनी पद्धत ते मोजत नसे. आजची प्रमाण नामपद्धती मोजते. मोजणी शून्यापासून की एकपासून या वादात वाढलेल्या मुलांना हे लगेच भिडतं.

याच जनुकात आणखी दोन सापळे आहेत, आणि मुलांना त्यांत पडू द्यावं. पहिला सापळा: घरी जाऊन एचबीबीचा संपूर्ण जनुक उतरवून घ्या आणि एटीजीपासून सरळ भाषांतर करा, असं सांगा. तीस कोडॉन सुरळीत जातात, वर दोन अक्षरं उरतात आणि पुढे सगळा गोंधळ. तिथे पहिला इंट्रॉन सुरू होतो. माणसाच्या जनुकांत मध्येमध्ये असे भाग असतात, जे संदेश तयार होताना कापून टाकले जातात. एचबीबीत असे दोन आहेत. दुसरा सापळा: हाच क्रम अकराव्या गुणसूत्राच्या संदर्भ फाइलमध्ये शोधायला सांगा. सापडणार नाही, कारण हे जनुक उलट धाग्यावर आहे. फाइलमध्ये सीसीटी जीएजी जीएजीच्या जागी सीटीसी सीटीसी एजीजी असं दिसेल: मागून पुढे वाचलेलं, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचं जोडीदार अक्षर.

हे तिन्ही सापळे आधी सांगून टाकण्याचा मोह होतो. सांगू नका. दुसऱ्या तासाला मुलं स्वतःच भांडत येतात की फाइल चुकीची आहे. तो तास फुकट जात नाही.

पायरी ३: तीन जीनोम पाळा

दर प्रयोगाला नवी फाइल देऊ नका. सत्रभर तीनच जीनोम ठेवा, लहान ते मोठा अशा क्रमाने.

पहिला फाय-एक्स-१७४, बॅक्टेरियांना ग्रासणारा एक विषाणू. लांबी ५,३८६ अक्षरं. फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७ मध्ये याचा क्रम प्रसिद्ध केला. डीएनएचा पूर्ण वाचला गेलेला हा पहिलाच जीनोम. दोन-तीन पानांवर छापून भिंतीवर लावता येतो. दुसरा सार्स-कोव्ह-२, म्हणजे कोविडचा विषाणू, संदर्भ क्रमाची लांबी २९,९०३. तिसरा ई. कोलाय हा बॅक्टेरिया, के-१२ जातीचा, सुमारे ४६ लाख ४० हजार.

ही शिडी मुद्दाम अशी लावली आहे. जुळणीचा साधा अल्गोरिदम लांबीच्या वर्गाइतकी घरं मागतो. फाय-एक्सची स्वतःशी जुळणी करायची तर सुमारे २ कोटी ९० लाख घरं, प्रत्येकी ४ बाइट धरले तर ११६ मेगाबाइट; कुठल्याही लॅपटॉपवर होतं. सार्स-कोव्ह-२ ला सुमारे ८९ कोटी घरं, म्हणजे साडेतीन गिगाबाइट. इथे काही लॅपटॉप नांगी टाकतात. ई. कोलायला ८६ टेराबाइट. बिग-ओ नोटेशन मुलांनी परीक्षेत शंभरदा लिहिलेलं असतं, पण त्याचा चटका पहिल्यांदा इथे बसतो. पायथनच्या साध्या लिस्टमध्ये हीच घरं ठेवणाऱ्याला तो पहिल्या पायरीवरच बसेल. डॅनियल हिर्शबर्ग यांची १९७५ ची कमी जागेत जुळणी करण्याची युक्ती शिकवायला याहून चांगली वेळ नाही.

हे तिन्ही क्रम जेनबँक या अनुक्रमांच्या खुल्या संग्रहात कुणालाही मोफत मिळतात. मात्र फाइली एकदाच उतरवून, आवृत्ती क्रमांकासह, सगळ्यांना त्याच द्या. नाहीतर निम्म्या वर्गाची उत्तरं एका आवृत्तीची, निम्म्याची दुसरीची, आणि तपासताना तुमचा जीव मेटाकुटीला येईल.

पायरी ४: पहिल्या प्रयोगांत लायब्ररी बंद

बायोपायथन ही या कामाची तयार पायथन लायब्ररी उत्तम आहे, पण पहिले दोन-तीन प्रयोग तिच्याशिवाय करून घ्या. फास्टा फाइल (अनुक्रम साठवण्याची साधी मजकूर फाइल) वाचणं दहा ओळींचं काम वाटतं. मग लक्षात येतं की क्रम अनेक ओळींत तुटलेला आहे, काही अक्षरं लहान लिपीत आहेत, मध्येच एन आहे कारण तिथे काय आहे ते यंत्राला कळलं नाही, आणि कुठे आर किंवा वाय येतं, ज्यांचा अर्थ दोनपैकी कुठलंही एक अक्षर. हॅश टेबलात चारच किल्ल्या ठेवलेला प्रोग्रॅम इथे कोसळतो. तो कोसळला तर नशीब समजा. काही मुलं अनोळखी अक्षर गुपचूप गाळतात, त्यापुढची सगळी स्थानं सरकतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

दुसरा प्रयोग: ओपन रीडिंग फ्रेम शोधणं. एटीजीपासून थांबण्याच्या कोडॉनपर्यंतचा पट्टा, सहाही चौकटींत (तीन-तीनचे गट कुठल्या अक्षरापासून पाडायचे त्यानुसार), तीन सरळ आणि तीन उलट धाग्यावर. कोड सोपा आहे. पण किती लांबीच्या पट्ट्याला जनुक मानायचं? हा आकडा मुलांना तयार देऊ नका, काढायला लावा. यादृच्छिक क्रमात कुठलाही कोडॉन थांबण्याचा निघण्याची शक्यता ६४ मध्ये ३, म्हणजे सरासरी एकविसाव्या कोडॉनच्या सुमाराला थांबा येणार. सलग शंभर कोडॉन थांब्याशिवाय जाण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. मग फाय-एक्सची अक्षरं पिसून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवायला सांगा, अनेकदा. पिसलेल्या क्रमात सर्वांत लांब पट्टा किती येतो त्याचा आलेख काढा आणि खरे पट्टे त्याच्या शेजारी ठेवा. संपूर्ण सत्रातली सर्वांत उपयोगी सवय हीच असं माझं मत आहे. कुठलाही निकाल आला की निव्वळ योगायोगाने काय आलं असतं ते आधी बघायचं.

आता निकाल पेशीत नेऊन ठेवा. फाय-एक्सचा जीनोम गोल आहे आणि त्यातलं ए हे जनुक फाइलच्या शेवटावरून सुरुवातीवर ओलांडून जातं. सरळ रेषेत विचार करणाऱ्या प्रोग्रॅमला ते तुटलेलं दिसतं. ई हे जनुक डी जनुकाच्या पोटात, वेगळ्या चौकटीत बसलेलं आहे, त्यामुळे एकमेकांवर येणारे पट्टे काढून टाकणारी हुशार मुलं एक खरं जनुक गमावतात. सार्स-कोव्ह-२ मध्ये तर पेशीचं वाचनयंत्र १३,४६८ व्या अक्षरापाशी एक पाऊल मागे सरकतं, ते अक्षर दोनदा वाचतं आणि दुसऱ्या चौकटीत पुढे जातं. मुलांच्या प्रोग्रॅमला तिथे थांबा दिसतो, विषाणूला दिसत नाही. नियम पाळणारा प्रोग्रॅम बरोबर आहे आणि उत्तर तरीही अपुरं आहे, हे त्यांना पचायला थोडा वेळ लागतो. लागू द्या.

ई. कोलायसाठी एक छोटा प्रयोग जरूर ठेवा. जीनोमच्या सुरुवातीपासून चालत जायचं, जी आला की एक मिळवायचा, सी आला की एक वजा करायचा, आणि चालू बेरजेचा आलेख काढायचा. वळण घेत जाणारा एक स्वच्छ आलेख येतो. त्याचा तळ ३९ लाख २३ हजाराच्या आसपास पडतो, आणि डीएनएची प्रत काढायला सुरुवात होते ती जागा तिथेच आहे. प्रत काढताना एक धागा जास्त वेळ उघडा राहतो आणि त्यातले सी हळूहळू टी होत जातात, असं त्याचं कारण मानलं जातं. दहा ओळींच्या कोडला इतकी घसघशीत कमाई या विषयात दुसरीकडे क्वचितच मिळते.

पायरी ५: जुळणी आधी हाताने

सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांची पद्धत १९७० ची. मुलांना ती 'एडिट डिस्टन्स' म्हणून माहीत असते. तरी एकदा कागदावर भरून घ्या. जीसीएटी आणि जीएटी घ्या. जुळलं तर १, न जुळलं तर वजा १, रिकामी जागा वजा २.

पहिली ओळ: ०, -२, -४, -६
जी: -२, १, -१, -३
सी: -४, -१, ०, -२
ए: -६, -३, ०, -१
टी: -८, -५, -२, १

उजव्या खालच्या कोपऱ्यातून उलट वाट काढली की जीएटीच्या जीनंतर एक रिकामी जागा येते, एकूण गुण १. वीस घरं, पाच मिनिटं. एवढं झालं की अल्गोरिदमवर आणखी वेळ घालवू नका. वेळ घालवायचा तो गुणांवर: १, वजा १, वजा २ हे आकडे आले कुठून?

डीएनएचा एखादा तुकडा गळतो तेव्हा सलग बारा अक्षरंही एकाच घटनेत जाऊ शकतात. प्रत्येक अक्षराला सारखाच दंड लावला तर त्या एका घटनेला बारा घटनांची शिक्षा होते. म्हणून रिकामी जागा उघडण्याचा दंड जास्त आणि वाढवण्याचा कमी ठेवतात. ओसामु गोतो यांनी १९८२ मध्ये हे तेवढ्याच वेळेच्या गुंतागुंतीत कसं बसवायचं ते दाखवलं. मुलांना एका तक्त्याचे तीन तक्ते करायला लावा. हा गृहपाठ कठीण आहे आणि तसाच असू द्या.

प्रथिनांकडे आलात की ब्लोसम-६२ हा अमिनो आम्लांच्या जोड्यांना गुण देणारा तक्ता उघडा. ॲलनिनला ॲलनिन जुळलं तर ४ गुण, ट्रिप्टोफॅनला ट्रिप्टोफॅन जुळलं तर ११. आयसोल्यूसिनच्या जागी व्हॅलिन आलं तरी ३ मिळतात, दंड होतच नाही. का, हे आधी वर्गाला अंदाजाने सांगू द्या. ट्रिप्टोफॅन दुर्मीळ आहे आणि सहसा बदलत नाही, त्यामुळे ते दोन्हीकडे दिसणं हा मोठा पुरावा. आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन स्वभावाने जवळचे, एकाच्या जागी दुसरं खपून जातं. हा तक्ता खऱ्या प्रथिनांच्या जुळणीत काय किती वेळा दिसलं आणि योगायोगाने किती दिसलं असतं, यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदममधून आलेला आहे. पिसलेल्या क्रमाशी तुलना करण्याची तीच सवय इथे वेगळ्या वेषात येते, हे मुलांना दाखवून द्या.

टेंपल स्मिथ आणि मायकल वॉटरमन यांची १९८१ ची स्थानिक जुळणी यानंतर पंधरा मिनिटांत होते: शून्याखाली जायचं नाही आणि सर्वांत मोठ्या घरापासून मागे यायचं.

पायरी ६: ब्लास्ट वापरायला आणि ई-व्हॅल्यू वाचायला

ब्लास्ट हे डेटाबेसमध्ये मिळतेजुळते अनुक्रम शोधणारं साधन १९९० चं. सगळीकडे जुळणी करायला वेळ नाही म्हणून आधी छोटे जुळणारे शब्द शोधायचे आणि तिथूनच पुढे-मागे वाढवायचं. हॅशिंग माहीत असलेल्याला कल्पना लगेच कळते. ती काही खऱ्या जुळण्या गमावू शकते, हेही सांगा. वेगाच्या बदल्यात काय दिलं ते मुलांना माहीत हवं.

ई-व्हॅल्यूवर मात्र एक आख्खा तास द्या. इतक्या गुणांच्या किंवा त्याहून चांगल्या किती जुळण्या या आकाराच्या डेटाबेसमध्ये निव्वळ योगायोगाने सापडल्या असत्या, एवढंच तो आकडा सांगतो. डेटाबेस दुप्पट मोठा झाला की तीच जुळणी, तेच गुण, आणि ई-व्हॅल्यू दुप्पट. प्रयोग करून घ्या: एकच प्रथिन आधी लहान डेटाबेसमध्ये शोधायचं, मग मोठ्या. तीच ओळ दोन वेगळ्या आकड्यांनी दिसते. 'ई-व्हॅल्यू लहान म्हणजे काम तेच' असं वाक्य मुलांच्या अहवालात हटकून येतं. ते खोडा: लहान ई-व्हॅल्यूवरून बहुधा समान पूर्वज आहे एवढंच म्हणता येतं, कामाबद्दल वेगळा पुरावा लागतो.

पायरी ७: रीड, चुका आणि जोडणी

यंत्रं जीनोम सलग वाचत नाहीत, तुकडे देतात; असा एकेक तुकडा म्हणजे रीड. फास्टक्यू फाइलमध्ये प्रत्येक अक्षरासोबत त्याच्या भरवशाचं एक चिन्ह असतं. फ्रेड गुण २० म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक. चिन्हाच्या आस्की क्रमांकातून ३३ वजा केले की गुण मिळतो. मोठ्या लिपीतलं आय म्हणजे ४०. मुलांना हे आवडतं, कारण इथे निदान काहीतरी ओळखीचं आहे.

जोडणीसाठी डी ब्रुइन ग्राफ शिकवा. के अक्षरांचे सगळे तुकडे (के-मर) काढायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक बाण, आणि सगळे बाण एकेकदा वापरणारी वाट शोधायची. ऑयलरने १७३६ मध्ये सात पुलांच्या प्रश्नासाठी केलेला विचार इथे कामाला येतो. आधी फाय-एक्सचे बिनचूक तुकडे करून द्या. जोडणी झटक्यात होते आणि वर्ग खूश.

मग एक टक्का चुका मिसळा. शंभर अक्षरांचे रीड, प्रत्येक जागा सरासरी पन्नास वेळा वाचलेली, के बरोबर ३१. खरे के-मर जीनोमच्या लांबीइतके, म्हणजे सुमारे ५,३८६. एक चुकीचं अक्षर जास्तीत जास्त ३१ खोटे के-मर जन्माला घालतं, त्यामुळे खोट्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात जाते. खऱ्याच्या नऊ-दहा पट कचरा. ग्राफचं चित्र काढायला लावा, गुंता डोळ्यांना दिसू द्या. यावर उपाय काय, हे सांगू नका. प्रत्येक के-मर किती वेळा दिसला त्याचा हिस्टोग्राम काढायला सांगा. खोटे डावीकडे एकच्या आसपास साठलेले, खरे पंचविशीच्या आसपास टेकडी करून बसलेले, मध्ये मोकळी दरी. कुठे कापायचं ते आता मुलंच सांगतील.

पुनरावृत्ती मात्र अशी सुटत नाही. रीडच्या लांबीपेक्षा मोठा भाग जीनोममध्ये दोनदा आला तर कुठली वाट खरी, हे माहितीतच नसतं; अल्गोरिदम कितीही चांगला लिहा. मानवी जीनोमचा मसुदा २००१ मध्ये आला, प्रकल्प संपल्याची घोषणा २००३ मध्ये झाली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण वाचलेला क्रम मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधली वर्षं मुख्यतः अशाच भागांनी खाल्ली, आणि तो प्रश्न सुटला तो लांब रीड देणारी यंत्रं आल्यावर.

संदर्भ जीनोमवर रीड बसवण्यासाठी बरोज-व्हीलर रूपांतर शिकवायचं असेल तर ते फळ्यावर छोट्या शब्दाने करून दाखवा आणि पुढे तयार साधन वापरा. मुळात १९९४ मध्ये माहिती आवळून साठवण्यासाठी काढलेली ही युक्ती, पंधरा वर्षांनी जीनोमच्या कामाला आली.

पायरी ८: स्थानं आणि फाइलींचे प्रकार

बेड, जीएफएफ आणि व्हीसीएफ हे जीनोममधली स्थानं नोंदवण्याचे फाइलींचे प्रकार. पहिली शंभर अक्षरं बेड फाइलमध्ये ० ते १०० अशी लिहितात, जीएफएफमध्ये १ ते १००. व्हीसीएफही एकपासून मोजतं. हा तक्ता प्रयोगशाळेत चिकटवून टाका, यावर व्याख्यान नको.

तक्ते एक्सेलमध्ये उघडायला सक्त मनाई करा. मार्च१ आणि सेप्ट२ अशा नावांची जनुकं तिथे गुपचूप तारखा होत. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशी बिघडलेली नावं असल्याचं २०१६ च्या एका तपासणीत दिसलं, आणि २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलून मार्चएफ१, सेप्टिन२ अशी केली. स्प्रेडशीटला हात न लावता जीवशास्त्राने माघार घेतली.

आणखी एक. मुलांचा किंवा स्वतःचा डीएनए प्रयोगासाठी वापरायचा नाही, कितीही उत्साह असला तरी. जीनोम एकाचा असला तरी त्यातून त्याच्या नातेवाइकांबद्दलही कळतं, आणि त्यांनी संमती दिलेली नसते. मानवी माहिती हवीच तर हजार जीनोम प्रकल्पाची खुली माहिती पुरते.

पायरी ९: प्रकल्प आणि परीक्षा

नीडलमन-वुन्श लिहून आणा, हा प्रश्न आता मेलेला आहे; कोड लिहून देणारी साधनं तो क्षणात सोडवतात. त्याऐवजी बिघडलेला निकाल द्या आणि काय झालं असेल ते विचारा. उदाहरणार्थ: एका विद्यार्थ्याने माणसाचा आणि चिंपांझीचा एचबीबीचा क्रम रिकाम्या जागा न देता अक्षराखाली अक्षर लावून पाहिला, साम्य आलं २५ टक्के. बीटा ग्लोबिन प्रथिन दोघांत तंतोतंत सारखं आहे. मग चुकलं कुठे? चार अक्षरांच्या वर्णमालेत निव्वळ योगायोगानेच सुमारे एक चतुर्थांश साम्य येतं, म्हणजे हे दोन क्रम एकमेकांसमोर आलेलेच नाहीत. बहुधा एक उलट धाग्यावरचा आहे, किंवा सुरुवात सरकलेली आहे. जो विद्यार्थी पंचवीस हा आकडा पाहून थबकतो, त्याला विषय कळला.

प्रकल्पासाठी सार्स-कोव्ह-२ पुन्हा काढा. संदर्भ क्रम आणि नंतरच्या काळातला एखादा क्रम द्या, फरकांची यादी मागवा आणि प्रत्येक फरकाने कुठल्या प्रथिनातलं कितवं अमिनो आम्ल बदललं ते विचारा. एक फरक तुम्ही स्वतः आधी कागदावर सोडवून ठेवा: २३,४०३ व्या जागी एचा जी. स्पाइकचं (विषाणूवरच्या काट्यांच्या प्रथिनाचं) जनुक २१,५६३ पासून सुरू होतं. मधलं अंतर १,८४०, त्याला तीनने भागलं की ६१३ आणि बाकी १. म्हणजे ६१४ व्या कोडॉनमधलं दुसरं अक्षर, जीएटीचं जीजीटी, ॲस्पार्टिक आम्लाचं ग्लायसिन. २०२० मध्ये जगभर पसरलेला डी-६१४-जी तो हाच.

अर्ध्या प्रकल्पांत शेकडो 'उत्परिवर्तनं' क्रमाच्या दोन्ही टोकांना सापडतील. तिथे बहुतेकदा एन असतात, यंत्राला न वाचता आलेली अक्षरं. त्यासाठी गुण लगेच कापू नका. तोंडी परीक्षेत यादीतली पहिली ओळ दाखवा आणि विषाणूच्या अगदी टोकालाच इतके बदल का झाले असतील, एवढंच विचारा. काही जण उत्क्रांतीवर भाषण देतील. एखादी मुलगी फाइल उघडून बघू का म्हणून विचारेल. तिला उघडू द्या.